गाडीला जागा, बाईला नाही

दापोलीची सहल कशी झाली हे नवऱ्याला विचारू नका, बायकोला विचारा. समुद्र कसा होता, मासळी ताजी मिळाली का, हे नंतर. आधी एवढेच विचारा, की दिवसभरात पाणी किती प्यायलीस?

मे महिन्यात पुण्या-मुंबईहून सकाळी येऊन रात्री परतणारी जोडपी आमच्याकडे रोज दिसतात. त्यांतल्या बायकांशी बोलायचा प्रसंग आला की मी हे विचारते. उत्तर ठरलेले असते. निघताना कपभर चहा, वाटेत दोन घोट, मग घर येईपर्यंत बाटलीला हात नाही. तहान सगळ्यांनाच लागते, पण जायचे कुठे? कोकणातला मे, अंगाला चिकटणारी दमट हवा, घामाच्या धारा, आणि बाई ठरवून तहानलेली. शेजारी नवरा शहाळ्यावर शहाळे रिचवतो आहे, कारण त्याला कुठल्याही बागेचा गडगा चालतो.

ही सहल दोघांची कशी म्हणायची?

माझे म्हणणे सरळ आहे. जोडप्याच्या सहलीचे माप बाईच्या दिवसावरून काढावे. तिला वेळ मिळाला का, आडोसा मिळाला का, मान मिळाला का, ते बघावे. या मापाने दापोलीची उन्हाळी सहल मोजली तर आपण सगळे नापास आहोत. त्यात लहान दोष येणाऱ्यांचा आहे आणि मोठा दोष आम्हा दापोलीकरांचा.

* * *

येणाऱ्यांचा दोष आधी सांगते, कारण तो सुधारायला ना सरकार लागते, ना निधी.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे दापोली सुमारे १९० किलोमीटर, मुंबईहून सव्वादोनशेच्या आसपास. रस्ता मोकळा मिळाला तर पाच तास, मे महिन्यातल्या शनिवारी त्याहून जास्त. त्याच दिवशी परतायचे म्हणजे दहा तास गाडीतच गेले. हातात उरले पाच-सहा तास. आणि तेवढ्यासाठी फोनमध्ये यादी काय असते? मुरुड, कर्दे, लाडघर, हर्णै, सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, केळशीची महालक्ष्मी, वाटेत उकडीचे मोदक, निघताना काजू आणि आंब्याची पेटी.

ही यादी करताना नकाशा कोणी उघडलेला नसतो. दापोली गाव समुद्रावर नाही, वर सड्यावर आहे, आठशे फुटांच्या आसपास उंचीवर. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात इथे लष्करी छावणी टाकली ती या हवेसाठी; जुनी माणसे अजूनही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. समुद्र खाली, दहा-पंधरा किलोमीटरवर. लाडघरला एका बाजूने उतरायचे, मुरुड-हर्णैला दुसऱ्या बाजूने, केळशी तर आणखी लांब. जांभ्याच्या कातळातून वळणे घेत उतरा, अर्धा तास फोटो काढा, पुन्हा गाडीत बसा, पुढचा किनारा गाठा. दिवस संपतो तेव्हा समुद्र पाहिलेला असतो तो बहुतेक काचेतूनच. नवरा गाडी चालवून आंबलेला, बायको गाडीत बसून. दोघे एकमेकांशी बोलले ते एवढेच, की आता डावीकडे की उजवीकडे.

गेल्या मे महिन्यात माझी भाची आणि जावई असेच आले. पहाटे चारला पुणे सोडले होते. अंगणात गाडी उभी राहिली, आणि चपला काढायच्या आत जावयांनी फोन पुढे केला. “मावशी, नऊ पॉइंट काढलेत. कुठून सुरू करू?” भाची माझ्याकडे न बघताच मागच्या दाराला गेली. परत आली तेव्हा तिने पाणी मागितले आणि तांब्या उभ्याउभ्याच रिकामा केला. वाटेत काही खाल्लेस का, विचारले तर म्हणाली, “नको वाटलं गं मावशी. परत कुठे शोधत बसायचं?”

मी जावयांना म्हटले, “अहो जावईबापू, पॉइंट राहू द्या. सकाळी एकच किनारा, दुपारी जेवण आणि आराम, चारला हर्णै. अंधार पडायच्या आत कड्यावरचा गणपती जमला तर जमला. बाकीचे पुढच्या खेपेला.” त्यांना ते पटेना. एवढे पेट्रोल जाळून आलो आणि तीनच ठिकाणे बघायची? मी म्हटले, एवढे पेट्रोल जाळून आलात म्हणूनच तीन बघा. नऊ ठिकाणी जाऊन आलात तर एकही लक्षात राहणार नाही.

एका दिवसात दापोली बघता येते, पण तिचा एक तुकडा. तो नीट बघायचा तर आधी तिथी बघा. कोकणात भरतीचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती, आणि तीही उधाणाची. रोज ती पाऊण तासाने पुढे सरकते. एवढा हिशेब केला तर किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाणी कुठे असेल हे घरूनच कळते. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते. पोहायला येते म्हणणारेही त्यात जातात. म्हणून गावातला माणूस ‘आत जाऊ नका’ म्हणाला की त्याच्याशी वाद घालू नये. त्याला तुमची सहल मोडायची नसते. उद्या तुम्हाला शोधायला होडी घेऊन जाणार तोच असतो.

अकरा ते साडेतीन वाळूवर थांबूच नये. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगावे, जेवावे, पोफळीच्या बागेत किंवा पडवीवर पडावे, दोघांनी बोलावे. वर्षभर ज्या गप्पा शहरात राहून गेल्या त्या इथे होतात. दिवसाच्या सहलीत जोडप्याला यापेक्षा मोठे काही मिळत नाही.

गाडीच हवी असेही नाही. मुंबईची रातराणी पहाटे दापोली स्थानकात आणून सोडते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. दोघांच्या प्रवासाला दीड तिकीट पडते, आणि नवऱ्याचे डोळे स्टिअरिंगवर न राहता बायकोकडे राहतात.

* * *

आता आमचा दोष.

भाची-जावई आले त्या सकाळी आम्ही एका किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनाशेजारी गाड्या लावायला भले मोठे मैदान केलेले. तोंडाशी पावती फाडणारा मुलगा सकाळी सातपासून हजर. मैदानाच्या कोपऱ्यात स्वच्छतागृह. बाहेरून नवी रंगरंगोटी, ‘स्त्रिया’, ‘पुरुष’ अशा पाट्या, आणि स्त्रियांच्या दाराला कुलूप. पावतीवाल्या मुलाला किल्ली विचारली. तो म्हणाला, “किल्ली काकांकडे हाय, काका लग्नाला गेलेत.” कधी येतील? त्याने खांदे उडवले.

भाचीला शेवटी सोडवले ते शहाळीवाल्या बाईंनी. त्यांनी कोयता खाली ठेवला, दुकान तसेच टाकले आणि तिला आपल्या घरामागच्या न्हाणीकडे घेऊन गेल्या. परत येऊन भाचीने पर्स उघडली तेव्हा त्या चिडल्याच. “याचे पैसे घेतले तर देव विचारील गो मला.”

या बाईंपुढे मी हात जोडते. पण एका गावाची सोय एका बाईच्या चांगुलपणावर किती दिवस चालवायची? रविवारी अशा पन्नासजणी आल्या तर त्या कोणाकोणाला न्हाणीत नेणार? त्यांची न्हाणी म्हणजे किनाऱ्याचे सार्वजनिक स्वच्छतागृह नव्हे. गाडीची पावती गाव घेते, तर बाईची सोयही गावानेच करायला हवी.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ. ही एवढीशी गोष्ट नाही. लघवी तुंबवून ठेवली आणि पाणी पिणे टाळले, की मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि मे महिन्यात त्यात उन्हाच्या बाधेची भर पडते. पाळी चालू असेल तर तिचे हाल सांगायलाच नकोत. गरोदर बाई, मधुमेह असलेली बाई, साठीची बाई, यांनी सहलीला निघूच नये का? समुद्रात भिजल्यावर कपडे बदलायचे तर गाडीच्या दाराला टॉवेल लावून नवरा पहारा देतो आणि ती आत चोरासारखी बसते. या सगळ्याला आम्ही ‘कोकण पर्यटन’ म्हणतो आणि फलकावर सूर्यास्त छापतो.

‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने दाखल केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राज्यातल्या महापालिकांना बजावले, की बायकांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहे बांधा. आदेश महापालिकांना होता. आमचे किनारे ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत. म्हणून हद्द ओलांडली की बाईची गरज बदलते का? शहरात जो हक्क आहे तो वाळूवरही हक्कच आहे.

मग पाण्याचे कारण पुढे येते. मे महिन्यात वाड्यांना टँकर लागतो, स्वच्छतागृहाला पाणी कुठून आणायचे? टँकर लागतो हे खरे आहे. पण ज्या तालुक्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथल्या माणसाने हे कारण सांगू नये. जांभा पाणी धरत नाही, पडलेले पाणी झरून समुद्राला जाते, हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे. त्यावरचा उपायही माहीत आहे. १८ मे १९७२ ला स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ याच गावात आहे. कोवळी आंबा-काजूची कलमे उन्हाळ्यात जगवायला त्याच विद्यापीठाने कोकण जलकुंड दिले. खड्डा खणायचा, प्लास्टिकचा कागद अंथरायचा, पावसाचे पाणी साठवायचे. हिशेबही करून बघा. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर साडेतीन मीटर पाऊस म्हणजे पावणेदोन लाख लिटर पाणी. त्यातला थोडा भाग टाकीत अडवला तरी स्वच्छतागृहाचा मे महिना निघतो. कलमासाठी पाणी साठवणाऱ्या तालुक्याला बाईसाठी ते साठवता येत नाही, हे मला पटत नाही.

* * *

त्याच दिवशी दुपारी चारला हर्णै.

बोटी बंदराबाहेर थांबतात, छोट्या होड्यांतून मासळी काठाला येते. ओल्या वाळूवर ढीग लागतात. सुरमई, पापलेट, हलवा, बांगडा, कोळंबी. लिलाव पुकारला की भोवती कोंडाळे जमते आणि त्यात बायकाच जास्त. कोणी बोली लावते आहे, कोणी बर्फ फोडते आहे, कोणी डोक्यावर पाटी घेऊन टेम्पोकडे निघाली आहे. एका बाईने ढिगावर नुसता पाय ठेवून बोली तोडली आणि कागद-पेन्सिलीवाचून चौघींत वाटणी केली. रुपया इकडचा तिकडे झाला नाही. भाची तिथून हलेना. जावईबापूही फोन खिशात ठेवून बघत उभे राहिले. बाकीच्या पॉइंटांची आठवण त्यांना राहिली नाही.

आणि माझ्या मनात मघाचाच प्रश्न. या बायका इथे तासन् तास उभ्या असतात. उन्हात, पाण्यात, पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी. त्यांनी कुठे जायचे? किनाऱ्यावरच्या स्वच्छतागृहाचा विषय निघाला की आपण म्हणतो, पर्यटकांचे चोचले. चोचले कसले? पर्यटक बाई एक दिवस अडते. मासळीचा सगळा व्यवहार खांद्यावर घेणारी बाई वर्षभर अडते, फक्त १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेवढे सोडून. दारावरचे कुलूप निघेल ते दोघींसाठी निघेल.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सच्या इंग्रज आरमाराने पेशव्यांशी हातमिळवणी करून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. मराठी आरमाराला बसलेला तो घाव आम्ही अजून विसरलेलो नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सुवर्णदुर्ग आहे. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण जागतिक वारसा म्हटले की जग बघायला येणार, आणि जगात निम्म्या बायका आहेत. अभिमानाचे फलक लावून झाले असतील तर आता नळ आणि दारे लावूया.

हे कसे करायचे याची यादीही नव्याने शोधायची गरज नाही. ‘ब्लू फ्लॅग’ या समुद्रकिनाऱ्यांच्या मानांकनाच्या मोहिमेसाठी २०२५ मध्ये राज्यातले पाच किनारे पुढे आले, त्यात आपले लाडघर आहे. या मानांकनाचे ३३ निकष आहेत. पाण्याची शुद्धता, कचऱ्याची व्यवस्था, जीवरक्षक, प्रथमोपचार, स्वच्छतागृहे, अपंगांसाठी वाट, सगळे त्यात लिहिलेले आहे. लाडघरने ते करून दाखवावे, आम्ही टाळ्या वाजवू. पण तीच यादी मुरुडला, कर्द्याला, आंजर्ल्याला, केळशीला का लागू नये? मानांकनाचा झेंडा एका किनाऱ्यावर असेल, गरज प्रत्येक किनाऱ्यावर आहे.

* * *

गाडीविषयी दोन शब्द, कारण किनाऱ्यावर सध्या सगळ्यांत जास्त लाड तिचे आहेत.

वाळूवर गाडी घालू नका. नवऱ्यांनो, हे तुम्हाला सांगते, कारण चाक तुमच्या हातात असते. भरतीच्या रेषेवर गाडी रुतते, पाणी चढते, मग ट्रॅक्टर शोधत गावभर फिरता. रुतली नाही तर त्याहून वाईट. याच वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवीण घरटे करते, दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात, काही पार मे महिन्यापर्यंत. आंजर्ल्यासारख्या गावातली माणसे आणि वनखाते रात्री जागून ती अंडी सांभाळतात. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला हा प्राणी आहे, त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. एका रीलसाठी त्याच्या घरट्यावरून चाक नेणे हा गुन्हा आहे. पोलिसांनी दंड करावा आणि गावाने गाडी अडवावी. बायकोने शेजारच्या सीटवरून आधीच ‘थांबव’ म्हणावे.

* * *

राहिला मान.

दिवसाच्या सहलीला आलेल्या जोडप्याला एक छोटी गोष्ट हवी असते. समुद्रात भिजल्यावर अंघोळीला, दोन तास पाठ टेकायला एक खोली. ती मागितली की काही लॉजांच्या टेबलावर आधी बाईच्या गळ्याकडे नजर जाते. मंगळसूत्र आहे की नाही? नसेल तर प्रश्न सुरू. लग्नाचे आहात का, फोटो आहे का, घरी फोन लावू का. ओळखपत्र बघा, वहीत नोंद करा, ते तुमचे काम आहे. गळा बघणे तुमचे काम नाही.

दोन सज्ञान माणसांनी खोली घेण्याला कायद्यात बंदी नाही. अविवाहित जोडप्याने खोली घेण्याला मनाई करणारा कायदाच नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले. त्याआधी, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईच्या मढ-आक्सा भागात पोलिसांनी लॉजवर छापे घातले, बंद खोल्यांतल्या जोडप्यांना ठाण्यात नेले आणि ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन’ म्हणून दंड केला. बंद दारामागची खोली सार्वजनिक ठिकाण कशी ठरली? त्या मुलींना घरी काय सोसावे लागले असेल याचा विचार छापा घालणाऱ्यांनी केला नाही. असले धाडस दापोलीत कोणी करू नये.

आणि हे आम्ही दापोलीकरांनी तर अजिबात विसरू नये. जोडप्याला गावात जागा न देण्याचे पाप आमच्या खात्यावर आधीच आहे.

मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर ११ मार्च १८९३ ला गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. मुरुडने सभा भरवली आणि कर्व्यांना वाळीत टाकले. त्यांच्यासोबत एका बैठकीवर कोणी बसायचे नाही. भावाने घरात घेतले तर भावालाही वाळीत. ज्या गावाच्या भल्यासाठी कर्व्यांनी ‘मुरुड फंड’ उभा केला होता, त्याच गावाने हे केले. पुढे त्याच माणसाने हिंगण्याला बायकांचे शिक्षण उभे केले, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, १९५८ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. आज आम्ही मुरुडला त्यांचे स्मारक अभिमानाने दाखवतो. दाखवावेच. पण त्यांच्या गावच्या किनाऱ्यावर आलेल्या कुठल्याही बाईला आडोशासाठी वणवण करावी लागली किंवा खोलीसाठी मान खाली घालावी लागली, तर स्मारकाला घातलेला हार फुकट आहे.

दुसरे नाव वणंदचे. रमाबाई आंबेडकर याच तालुक्यातल्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. १९०६ मध्ये त्यांचे भीमरावांशी लग्न झाले. भीमरावांचे लहानपणीचे काही दिवस दापोलीच्या कॅम्पातच गेले होते. एक परदेशात शिकत असताना दुसरीने मुंबईत उपासमार सोसून संसार धरून ठेवला. दापोलीला येणाऱ्या जोडप्यांनी एक किनारा कमी करून वणंदला अर्धा तास द्यावा, मुरुडला कर्व्यांच्या स्मारकापाशी दहा मिनिटे थांबावे. सूर्यास्त कुठल्याही किनाऱ्यावर दिसेल. या दोन जोडप्यांचे नाते याच तालुक्याशी आहे.

* * *

म्हणून येणाऱ्यांना माझी विनंती. यादी अर्धी करा, आणि उरलेली पुन्हा अर्धी करा. जेवण गावात जेवा, काजू-कोकम ज्या घरात तयार होते तिथे घ्या, प्लास्टिक परत न्या. आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे पोहोचल्यावर नवऱ्याने विचारावे, मोठ्याने विचारावे, प्रत्येक ठिकाणी विचारावे. कुलूप असेल तर पावती फाडणाऱ्याला म्हणावे, आधी किल्ली आण, मग पैसे घे. पुरुषांनी हे विचारायला लागल्याशिवाय ते कोणाच्या कानावर पडणार नाही.

आणि आमच्या किनाऱ्यावरच्या गावांना विनंती. महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, असे कायदाच सांगतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी ती सभा नुसती कागदावर उरकू नका, भरवा. शहाळी विकणारीला बोलवा, लिलावातल्या बायकांना बोलवा, खानावळ चालवणारीला बोलवा. ठराव एवढाच मांडा: आपल्या किनाऱ्यावर बायकांसाठी दिवसभर उघडे राहणारे, पाणी असलेले, कडी लागणारे स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली. गाड्यांच्या पावतीचे पैसे पहिल्यांदा त्यावर खर्च करायचे. ते रोज धुण्याचे काम गावातल्या बाईला पगारावर द्यायचे. ठराव वहीत नोंदवून घ्या, सरपंचांची सही घ्या, आणि मे उजाडायच्या आत दार उघडा.